फर्दापूरची घंटी

फोन वाजला की काका आधी टोपी शोधायचे. टोपी सापडली की ती डोक्यावर घालायची, चष्मा धोतराच्या टोकाला पुसायचा, फोनवरचं काकूंनी विणलेलं कापड उचलून त्याची घडी करायची, स्टुलावर नीट बसायचं, घसा साफ करायचा आणि मग रिसीव्हर उचलायचा. पलीकडच्या माणसाला आपण दिसत नाही, मग टोपी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर ते म्हणाले, "त्याला दिसत नाय. पण मला तर माहीत असतं ना, मी बोडका बोलतोय म्हणून."

एवढ्या वेळात फोन बंद पडला तर? तर बंद पडला. ज्याला गरज असेल तो पुन्हा करेल, असं त्यांचं म्हणणं. "घंटी ही विनंती असते, हुकूम नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं माझा मोबाइल खिशात वाजला तरी मी हात घालताना जरा थांबायला लागलो.

हे आमचे घरमालक. शहागंजच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही नवरा-बायको भाड्यानं. काका टेलिफोन खात्यातून सुपरवायझर होऊन निवृत्त झालेले. सगळी गल्ली त्यांना टेलिफोन काका म्हणायची. आणि मी नोकरीला होतो एका मोबाइल कंपनीत, तीही नव्यानंच बाजारात उतरलेली आणि स्वस्त बोलण्याच्या नादानं गावोगावची गिऱ्हाइकं ओढून नेणारी. घर बघायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "कुठं असता?" मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत वळून हाक मारली, "अगं, दुश्मन आलाय घरी. चहा टाक."

खोली मिळाली. का मिळाली ते मला बरेच दिवस कळलं नाही. पुढं काकूंनी सांगितलं की, भांडायला हाताशी माणूस असावा म्हणून.

काका कुणालाच नावानं हाक मारत नसत. परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर उमेदीची वर्षं गेलेली. तिथं समोरच्या ऑपरेटरला त्याच्या गावानंच बोलवायची पद्धत होती, म्हणजे "बोला जालना" किंवा "थांबा परभणी". ती सवय त्यांनी घरी आणली. दूधवाला चितेगावहून यायचा, तो चितेगाव. इस्त्रीवाला मूळचा नांदेडचा, तो नांदेड. काकू अर्थातच लोकल. मी कंपनी. "ओ कंपनी, जरा खाली या!" अशी हाक आली की माझी बायको म्हणायची, जा, मीटिंग आहे तुमची.

जगातली सगळी भांडणं मुळात जोडणीची असतात, असा त्यांचा सिद्धांत होता. गल्लीत दोन शेजाऱ्यांची गटारीवरून जुंपली तेव्हा दोघंही काकांकडं आले. काकांनी दोघांनाही ऐकून घेतलं आणि वरच्या अंगाला राहणाऱ्याला म्हणाले, "तुमचं ट्रॅफिक यांच्या रूटवरून जातं. रूट त्यांचा. तुम्ही आवाज चढवायचा नाय." मग दुसऱ्याला म्हणाले, "आणि तुम्ही रूट अडवायचा नाय. अडवलं तर ट्रॅफिक तुमच्याच दारात तुंबंल." दोघांनाही हे पटलं, निदान दोघंही गप्प झाले. काकांच्या बोलण्यातलं निम्मं कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्याला उत्तर सुचायचं नाही.

आता फर्दापूरचं सांगतो, कारण काका समजायचे तर फर्दापूर समजलं पाहिजे. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याचं हे गाव. तिथल्या छोट्या एक्स्चेंजमध्ये एक मुसलमान ऑपरेटर होते, आमच्या घरात त्यांचं नाव फर्दापूरकरच. रोज सकाळी ड्यूटीवर आलं की लाइन चालू आहे की नाही हे बघायला छोट्या ठाण्यानं मोठ्या ठाण्याला एक टेस्ट कॉल करायचा, अशी तेव्हाची रीत होती. तो कॉल फर्दापूरहून हे करायचे आणि इकडं काका घ्यायचे. पुढं यंत्रं बदलली, बोर्ड गेले, दोघंही निवृत्त झाले. टेस्ट मात्र चालूच राहिली. लाइन खात्याची होती तेव्हा खात्यासाठी, आणि नंतर कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मी जिन्यावरून उतरताना ती टेस्ट रोज ऐकायचो.

"हॅलो औरंगाबाद, फर्दापूर बोलतोय. आवाज कसा?" पलीकडून. त्यांचा आवाज इतका खणखणीत की रिसीव्हरबाहेर ऐकू यायचा.

"साफ. तिकडं?"

"इकडं भी साफ."

इतकं झालं की टेस्ट संपायला हवी. पण मग गुडघ्याची चौकशी व्हायची, तुरीला काय भाव आहे ते निघायचं, लेण्यांकडं आलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्याचा किस्सा व्हायचा, नातवाच्या नोकरीचं निघायचं. काकूंनी ठेवलेला चहा गार व्हायचा. शेवटी काका करड्या आवाजात म्हणायचे, "बरं, ठेव आता. लाइन अडवू नको." जसं काही मागं कुणी ट्रंक बुक करून खोळंबलंय. शहराचं नाव पुढं बदललं, पण फर्दापूरकरांसाठी काका आजही औरंगाबादच आहेत. ते त्यांनी शहराला कधी म्हटलंच नव्हतं, या एका माणसाला म्हटलं होतं.

दोघांची प्रत्यक्ष भेट उभ्या आयुष्यात तीन-चारदाच झाली असेल, तीही लग्नकार्यात, गर्दीत. "भेटून काय करायचं?" काका म्हणायचे. "रोज तर बोलतो."

मग अजिंठ्याच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. जेसीबीनं फर्दापूरची केबल उखडली ती उखडलीच. काही दिवस काकांनी वाट बघितली. मग रीतसर तक्रार नोंदवायला ते टेलिफोन ऑफिसात गेले, "फर्दापूर ट्रंक बंद आहे." तिथल्या तरुण पोरीनं विचारलं, "काका, तुमचा फोन चालू आहे ना? मग कुठला नंबर बंद आहे?" काका म्हणाले, "नंबर नाय, माणूस." तिला काय लिहावं ते कळेना.

त्याच सुमाराला एक नवी गोष्ट सुरू झाली. रोज सकाळी टेस्टच्या वेळेला काकांचा फोन वाजायचा. काका टोपी शोधायचे, आणि टोपी सापडेपर्यंत घंटी बंद. पुन्हा वाजायची, पुन्हा बंद. त्यांच्या फोनला समोरच्याचा नंबर दाखवणारी पट्टी नव्हती. ती त्यांनी मुद्दामच घेतली नव्हती. "दार वाजल्यावर कोण ते उघडून बघायचं. फटीतून बघतात ते देणेकरी." त्यामुळं कुणी फोन केला हे कळायला मार्ग नव्हता. मग काका आपल्या ओळखीतल्या प्रत्येकाला फोन करत सुटायचे, "तुम्ही लावला होता का?" गावातले निम्मे म्हातारे त्या दिवसांत उगाचच आठवणीत आल्यामुळं हरखून गेले होते.

शेवटी उलगडा केला एका एसटी ड्रायव्हरनं. तो फर्दापूरचाच, काकांच्या ओळखीचा. त्यानं सांगितलं, तुमच्या दोस्ताला त्याच्या पोरानं मोबाइल घेऊन दिलाय. कुठल्या कंपनीचा, तेही सांगितलं.

"ओ कंपनी! खाली या!"

मी खाली गेलो. काका स्टुलावर बसले होते, टोपीसकट.

"आमचा माणूस तुम्ही पळवला," ते म्हणाले. "पळवला तर पळवला, आता धड बोलू तरी द्या. घंटी अर्ध्यात कामून तोडता?"

मी म्हटलं, "काका, मी तक्रारी बघतो, घंट्या नाही बघत."

"मग ही तक्रारच हाय. बघा."

मी म्हटलं, त्यांचा नवा नंबर घ्या त्या ड्रायव्हरकडून आणि तुम्हीच फोन करा. माझ्या मते प्रश्न तिथंच मिटत होता. काका माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी त्यांना मुलाच्या बापानं आधी मुलीच्या दारी जावं तसलं काही तरी सुचवलंय. "नंबर बदलला त्यानं. कळवायचं कुणी? त्यानं. टेस्ट कुणी करायची? फर्दापूरनं. मी मागून घेऊ?" इथं त्यांचा आवाज चढला आणि आतून काकूंनी भांडं आपटलं. माझी आणि काकांची, दोघांचीही बाजू तिथंच संपली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं पाणी तुटलं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते कृपा केल्यासारखं, मधे बरेच दिवस सोडून. ते खालच्या हौदात पडायचं आणि तिथून पंपानं आमच्या टाकीत. मधला व्हॉल्व्ह काकांच्या ताब्यात. पंप सुरू झाला की ते व्हॉल्व्ह उघडायचे आणि टाकीत धार पडते न पडते तोच बंद करायचे. मी जिन्यातून ओरडलो, "काका, बादलीभर पण नाही झालं!"

खालून उत्तर आलं, "तुमची घंटी जितकी वाजते, तितकाच आमचा व्हॉल्व्ह. काँजेशन हाय. वरिष्ठांना कळवा."

बायकोनं धपाट्यांचा डबा देऊन मला वाटाघाटीला पाठवलं. काकांनी धपाटे खाल्ले, चांगले झालेत म्हणाले, व्हॉल्व्हबद्दल बोलले नाहीत. दुपारी ते झोपले की काकू गुपचूप व्हॉल्व्ह उघडायच्या आणि वर बघून माझ्या बायकोला खूण करायच्या. "लोकल माझ्याकडं हाय," त्या म्हणायच्या. तरीही एकदा मला ऑफिसला अंघोळ न करता जावं लागलं, तेव्हा मी ठरवलं की या घंटीचा छडा लावायचाच.

साहेबांना विचारलं. ते आधी हसले, मग केबिनचं दार लावून त्यांनी सांगितलं. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला, की जिथून कॉल निघाला तिनं दुसरीला मिनिटामागं काही पैसे द्यायचे, असा तेव्हा नियम होता. आमची गिऱ्हाइकं बोलकी, कॉल आमच्याकडून जास्त निघायचे. तेव्हा वरच्या कुणा हुशार माणसानं डोकं चालवलं की घंटी लवकर तोडायची. समोरच्याला उचलायला वेळच मिळाला नाही तर तो मिस्ड कॉल बघेल आणि उलटा फोन करेल. म्हणजे कॉल त्याचा आणि पैसे आपल्याला. हे बघून समोरच्या कंपन्यांनीही आपल्या घंट्या आखूड केल्या. सगळ्या देशात लोक फोनकडं धावत होते आणि फोन गप्प होत होते. आमच्या जाहिरातीत मात्र आजोबा-नातू दिवसभर गप्पा मारत असायचे.

"पण साहेब, लँडलाइनचं काय?" मी विचारलं. "तिथं मिस्ड कॉल दिसतच नाही. उलटा फोन कोण करणार?"

साहेब म्हणाले, "लँडलाइनचा काही संबंध नाही रे यात. भांडण मोबाइलवाल्यांचं आपसातलं. आपण बाहेरच्या सगळ्यांचीच घंटी एकदम कमी केली, त्यात तीही आली. कोण वापरतं आता?"

संध्याकाळी मी हे काकांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, भडकतील. मी तयारीनं गेलो होतो. ते शांतपणे ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे हे भांडण आमच्याशी नाय?"

"नाही."

"आमच्या खात्याशी पण नाय?"

"नाही काका. लँडलाइन मधे सापडली, एवढंच."

"म्हणजे आम्हाला भांडणात पण धरलं नाय," ते म्हणाले आणि उठून आत गेले. टोपी स्टुलावरच राहिली. इतके दिवस मी त्यांचा दुश्मन होतो, तर त्यांची एक पत होती. ती मी त्या संध्याकाळी एका वाक्यात काढून घेतली. आणि खरं सांगतो, मला ते दुश्मन म्हणायचे ते बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो तर काका फोनसमोर बसलेले. टोपी घातलेली, कापड काढलेलं, हात रिसीव्हरवर. घंटी वाजली की लगेच उचलायचं, एवढं त्यांनी कबूल केलं होतं. पण घंटी वाजली नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. फर्दापूरनं लावणं सोडून दिलं होतं.

मग एके दिवशी पंप सुरू झाला आणि आमची टाकी भरली. भरली, वाहिली, पन्हाळीतून शेजाऱ्याच्या अंगणात धो धो पाणी पडायला लागलं, तरी व्हॉल्व्ह बंद होईना. शेजारी ओरडायला लागला. ज्या पाण्यासाठी या शहरात माणसं हंडे घेऊन भांडतात ते असं वाया चाललेलं. मी धावत खाली गेलो. काका ओट्यावर बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "घ्या पाणी. लागंल तेवढं घ्या."

काकू मागून हळूच म्हणाल्या, "दोन दिवस धड जेवले नाहीत. तुम्ही न्या त्यांना तिकडं. माझं ऐकायचे नाहीत. दुश्मनाचं ऐकतील."

रविवारी आम्ही एसटीनं निघालो. काकांना खिडकी दिली. रस्ता सगळा उकरलेला, बस धुळीतून चाललेली. सिल्लोड सोडल्यावर रस्त्याकडेला उपटून टाकलेले टेलिफोनचे खांब दिसायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "यातल्या बऱ्याच खांबांना मी ओळखतो." मला हसू आलं आणि ते मी दाबलं.

फर्दापूरकरांचं घर मोठ्या रस्त्यापासून जरा आत होतं. पांढरी दाढी, पांढरा कुर्ता, उंच माणूस. दारात उभे राहून त्यांनी आम्हाला बघितलं आणि म्हणाले, "या."

"आलो," काका म्हणाले.

झालं. दोन माणसं, ज्यांचा चहा रोज गार होत होता, ती समोरासमोर खुर्च्यांवर बसली आणि त्यांना बोलायला सुचेना. फोनवर अरे-तुरे चालायचं, इथं 'तुम्ही' सुरू झालं. काकांनी विचारलं, "गुडघा कसा हाय?" फर्दापूरकर म्हणाले, "हो हो, यंदा बरा झाला." "गुडघा?" "हो हो." त्यांच्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, सरबत आणलं. ते दोघांनी तब्येतीनं प्यायलं. मला वाटलं, राग आहे मनात, म्हणून हा कोरडेपणा. म्हणून मी पुढं होऊन मोठ्या आवाजात सगळी कथा सांगितली. घंटी कशी तुटते, का तुटते, काकांना कसं काही कळत नव्हतं, सगळं. कंपनीच्या वतीनं मी बहुधा माफीही मागितली.

फर्दापूरकर माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "मैं रोज लावत होतो भई. एक-दोन घंट्या जायच्या आणि बंद. मला वाटलं, साहेब कापतात. मोबाइल घेतला म्हणून नाराज झाले. म्हटलं, खैर. जबरदस्ती तो नहीं."

काकांचा चेहरा लाल झाला. "मी कापीन? तुझी लाइन मी कापीन?"

"क्या बोले?" फर्दापूरकरांनी विचारलं.

काका उठले. माझ्यापुढं हात करून म्हणाले, "कंपनी, तुमचा फोन द्या. आणि ह्याला तुमचा नंबर लावून द्या. टेस्ट फर्दापूरकडूनच होते." माझा मोबाइल, आमच्या कंपनीचा, ज्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, तो घेऊन ते बाहेर गेले आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मी फर्दापूरकरांच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या कानाला घट्ट दाबून धरला. कंपनी एकच, त्यामुळं घंटी तुटायचा प्रश्न नव्हता.

"हॅलो औरंगाबाद, फर्दापूर बोलतोय. आवाज कसा?"

"साफ!" लिंबाखालून काका ओरडले. ते फोनशिवायही ऐकू आलं. "साफ हाय आवाज! अक्कल कुठं गेली तुझी? मी कापतो म्हणं! आयुष्यभर लाइनी जोडल्या मी, आणि तुझी कापीन?"

"तर मग एक पोस्टकार्ड टाकायचं होतं!"

"पोस्टकार्ड तू टाकायचं! नंबर कुणी बदलला?"

असे ते भांडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, एक म्हातारा झाडाखाली हातवारे करतोय आणि दुसरा घरात बसून भिंतीशी भांडतोय. मग आवाज खाली आले. गुडघा आला, तूर आली, नातू आला. भाभी दाराला टेकून ऐकत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "भाभी, आता झालं की सगळं ठीक."

त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "कान गेलेत त्यांचे. उजवा तर पूर्ण गेला. डाव्याला थोडं आहे, ते फोन दाबून धरला की येतं. समोरचं बोलणं कळत नाही. कुणाला सांगत नाहीत, हो हो म्हणतात. डॉक्टर म्हणतो, डावा पण जाईल."

तेवढ्यात फर्दापूरकर फोनवर काही तरी बोलले, अगदी हळू. झाडाखाली काकांचे हातवारे थांबले. त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग आत आले, माझा फोन धोतराच्या टोकाला पुसून मला परत दिला. जेवणं झाली. निघताना फर्दापूरकरांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला, काकांनी मान हलवली, आणि आम्ही बस पकडली.

परतीला सिल्लोड आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमची घंटी किती महिने तुटत होती?"

मी म्हटलं, चार-पाच असतील.

"तेवढे महिने त्याला चांगलं ऐकू येत होतं, कंपनी."

आमच्या कंपनीत रोज शेकडो तक्रारी यायच्या आणि मी त्या बंद करायचो. ही मला कशी बंद करता आली असती? त्या दिवशी मला पहिल्यांदा आमच्या त्या वरच्या हुशार माणसाचा मनापासून राग आला.

पुढं सरकारनं घंटी किती वाजली पाहिजे ते ठरवून दिलं, पैशांचा तो नियमही गेला, भांडण मिटलं. दोन्हीकडच्या कंपन्यांनी आपणच जिंकल्याचं जाहीर केलं. फर्दापूरची टेस्ट पुन्हा सुरू झाली, आणि काका माझं पाणी पुन्हा वेळेवर तोडायला लागले, आता फक्त भाड्याला उशीर झाला की. वर्षा-दोन वर्षांनी आम्ही पैठण रोडला फ्लॅट घेऊन राहायला गेलो.

परवा शहागंजात काम होतं म्हणून सकाळीच काकांकडं डोकावलो. काकू म्हणाल्या, बसा, टेस्ट चालू आहे. काका रिसीव्हर कानाला लावून बसले होते. फर्दापूरकरांचा आवाज बाहेर ऐकू येत होता, पूर्वीपेक्षा मोठा. ते नातसुनेचं काही तरी सांगत होते. सांगून झालं की थांबायचे, एखाद्याला उत्तर द्यायला लागेल इतका वेळ थांबायचे, आणि मग पुढचं सुरू करायचे. त्या मधल्या वेळात काका नेमकं उत्तर द्यायचे, नेहमीच्या आवाजात, घाई न करता. "व्हय, पोरगी गुणाची हाय." "नाय, त्या डॉक्टरकडं जाऊ नको." काही वेळा काकांचं उत्तर चालू असतानाच पलीकडून पुढचं वाक्य यायचं, तरी काका आपलं पूर्ण करायचे.

मला काकूंनी कुजबुजत सांगितलं, फर्दापूरकरांचे दोन्ही कान गेले. फोन उचलला गेल्याचं त्यांना मोबाइलवर दिसतं, तेवढ्यावर ते बोलतात. एका बाजूनं आवाज येतो आणि दुसऱ्या बाजूला जात नाही, याला काकांच्या खात्यात सरळ फॉल्ट म्हणायचे आणि लगेच तक्रार नोंदवायचे. काकांनी याची तक्रार कुठं केली नव्हती.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, त्यांना तर काहीच ऐकू येत नाही ना?"

काकांनी घाईनं रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोला," ते कुजबुजले. "त्याला वाटंल, माझं लक्ष नाय."